बेडका आणा, थुंकी नको

लॅबसाठी मी केलेली पहिली खरेदी म्हणजे एक खराटा. २००१ साल होतं. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, होऊन मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात करारावर लागलो होतो. टीबीच्या प्रशिक्षणात सरांनी सांगितलं होतं, की बेडका काचेवर पसरायला खराट्याच्या काडीसारखं दुसरं काही नाही. तारेचा लूप दर वेळी तापवावा लागतो, आणि तापवताना त्याला चिकटलेल्या बेडक्याचे शिंतोडे उडतात. काडी एकदा वापरायची, फिनॉलमध्ये टाकायची, नंतर जाळायची. म्हणून मंगळवारच्या बाजारात गेलो. विकणाऱ्या मावशीनं विचारलं, "घरात झाडायला का अंगणात?" म्हटलं, दवाखान्यात. "मग दोन न्या. तिथं लई घाण असती."

दोन आणले. बोटभर लांबीच्या काड्या कापल्या, टोकं जरा ठेचली, बरणीत भरून ठेवल्या. आमच्या घरी अजून सांगतात, की हा सायन्स शिकला आणि खराटे तोडत बसला.

थुंकी तपासण्याची ती पद्धत शंभर वर्षांहून जुनी. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला (त्या तारखेला आम्ही दर वर्षी फलक धरून गावातून फेरी काढतो आणि मग समोसे खातो), आणि पुढच्या काही वर्षांत झील आणि नील्सन ह्या दोघा जर्मनांच्या नावानं रंग देण्याची रीत ठरली. ह्या जंतूच्या अंगावर मेणचट कवच असतं, त्यामुळे साधा रंग आत शिरत नाही. म्हणून काचेवर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि खालून ज्योत दाखवायची. वाफ दिसली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. मेण सैल होतं, रंग आत जातो. मग गंधकाम्ल ओतायचं. बाकी सगळ्या पेशींचा रंग उतरतो, ह्याचा उतरत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. भिंगाखाली पाहिलं, की निळ्या लुगड्यावर लाल दोऱ्याचे बारीक तुकडे पडावेत तसे जंतू दिसतात.

दिसले तर. नियम असा, की शंभर फिल्ड (भिंगातून एका वेळी काचेचा जेवढा भाग दिसतो तो एक फिल्ड) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. शंभर फिल्डांत एक ते नऊ जंतू दिसले, तर 'स्कँटी' म्हणून आकडा लिहायचा. प्रत्येक फिल्डमध्ये दहाच्या वर असतील, तर थ्री प्लस. थ्री प्लसची काच पाहायला मिनिटभरही लागत नाही. डोळे जातात ते निगेटिव्ह काचांवर, कारण तिथं शंभरच्या शंभर पाहायची असतात, आणि बहुतेक काचा निगेटिव्हच असतात. दुपारी तीननंतर, लाइट जाऊन आल्यावर, बाहेर रांग खोळंबलेली असताना मी प्रत्येक काचेवर शंभर मोजलीच असतील, असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कुणीच सांगू नये.

शिवाय शंभर मोजली तरी एक गोष्ट उरतेच. एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा भिंगाखाली सापडत नाहीत. म्हणजे 'निगेटिव्ह' ह्याचा खरा अर्थ 'मला दिसले नाहीत' एवढाच. रिपोर्टवर तसं छापलेलं नसतं. पेशंट तो कागद घेऊन घरी जातो आणि सांगतो, "टीबी न्हाई म्हणले."

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी असाच एक कागद एका बाईच्या हातात दिला. मार्च महिना होता. कारखाने बंद होऊन ऊसतोडीच्या टोळ्या परतत होत्या. बाई तिशीच्या आतली, बरोबर सासू. डबी दिली, सांगितलं की थुंकी आणा. खिडकीतल्या माणसानं जसं सांगायचं तसं, मान वर न करता. तिनं भिंतीकडे तोंड केलं, पदर तोंडाला लावला, दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि डबी ठेवून गेली. तेव्हा तीन नमुने घ्यायचे. तिन्ही डब्यांत लाळ होती. पातळ, फेसाळ, स्वच्छ लाळ. त्यात काय सापडणार? मी काचा केल्या, रंगवल्या, पाहिल्या आणि निगेटिव्ह लिहिलं. नमुना लाळेचा होता, हे रजिस्टरात नोंदवायला हवं होतं. त्याहून आधी, डबी परत देऊन 'ताई, हे नाही चालत' म्हणायला हवं होतं. दोन्ही केलं नाही.

गणपतीच्या दिवसांत ती परत आली तेव्हा तिला धरून आणावं लागलं. ह्या वेळी डबीत काय आहे, हे झाकण उघडायच्या आत कळत होतं. थ्री प्लस. धाकट्या पोराच्या मानेला गाठी आल्या होत्या. दोघांनी औषधं पूर्ण केली, दोघं बरी झाली. म्हणून हे लिहिता तरी येतंय. पण मधले सहा महिने ती त्या घरात खोकत राहिली होती, माझी सही असलेला कागद ट्रंकेत ठेवून.

हा प्रकार दुसरीकडेही होतो, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. रावळपिंडीत काही संशोधकांनी ह्यावरच अभ्यास केला होता, २००७ साली तो 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. टीबीच्या दवाखान्यांत पुरुषांच्या मानानं बायका पॉझिटिव्ह कमी निघतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्यांनी विचारलं, ह्यातला काही भाग नीट नमुनाच न मिळण्याचा तर नसेल? चिठ्ठी टाकावी तसं वाटून काही बायकांना नेहमीप्रमाणे डबी दिली, आणि काहींना आधी दोन शब्द सांगितले: लाळ नको, छातीतनं आलेला बेडका हवा, तो असा काढायचा. न सांगितलेल्या बायकांत पॉझिटिव्ह निघाल्या ८ टक्के. सांगितलेल्यांत १३ टक्के. यंत्र तेच, रंग तोच, भिंगामागचे डोळे तेच. पुरुषांमध्ये सांगितल्यानं विशेष फरक पडला नाही. पुरुषांना चारचौघांत खाकरायला कुणी शिकवावं लागत नाही, एसटी स्टँडवर पाहा.

आरोग्यातल्या नव्या शोधांची भाषणं ऐकतो तेव्हा मला हे १३ टक्के आठवतात.

आमच्याकडे मग काय झालं तर लॅबच्या मागं लिंबाचं झाड होतं, तिथं शिपाईमामांनी तट्ट्याचा आडोसा केला. टीबीचा नमुना उघड्यावरच द्यायचा असतो, बंद खोलीत नाही, म्हणजे वाऱ्यावर जंतू पांगतात. पण उघड्यावर म्हणजे सगळ्या ओपीडीच्या डोळ्यांदेखत असं नव्हे, हे आम्हाला उमगायला काही वर्षं लागली. तट्टा लागल्यावर सिस्टर किंवा आशाताई बाईबरोबर जायला लागल्या. आणि मी खिडकीतनं बाहेर येऊन खोकून दाखवायला लागलो. चूळ भरायची. खोल श्वास, धरून ठेवायचा, सोडायचा. परत एकदा. तिसऱ्याला बेंबीच्या देठापासून खोकायचं. रोज दहा-बारा वेळा खोकून दाखवतो. माझ्या मुलीनं शाळेत 'बाबा काय करतात' ह्यावर लिहिलं होतं: माझे बाबा दवाखान्यात खोकतात.

आता ऊसतोडीचं सांगायला हवं, कारण आमच्या भागात आजाराचं वेळापत्रक कारखान्याच्या वेळापत्रकाशी बांधलेलं आहे. दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. टेम्पो भरून सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकात. पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत राहायचं, पहाटे थंडीत ऊस तोडायचा. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. म्हणजे ऑक्टोबरात आलेल्या पेशंटचं उत्तर तुम्ही नोव्हेंबरात दिलंत, तर ते उत्तर घ्यायला माणूस जाग्यावर नसतो.

आणि औषधाला दाद न देणारा टीबी असेल, तर तेव्हा उत्तर यायचं कधी? बेडका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कल्चरला जायचा. अंड्याचं, मॅलाकाइट ग्रीननं हिरवं केलेलं घट्ट खाद्य असतं बाटलीत, त्याच्यावर हा जंतू वाढवतात. हा प्राणी इतका सुस्त, की दुप्पट व्हायला त्याला जवळपास एक दिवस लागतो. इतर काही जंतू वीस मिनिटांत होतात. बाटलीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरबरीत, फिकट पिवळी वाढ दिसायला सहा-आठ आठवडे जायचे, आणि कुठलं औषध चालेल हे कळायला त्यावर आणखी काही आठवडे. तोवर पेशंटला जुनीच औषधं परत द्यायची आणि त्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया वाढवायच्या, अशी रीत होती. मुळातच दाद न देणाऱ्या जंतूला एक औषध वाढवून देणं म्हणजे त्याला आणखी एक विद्या शिकवणं. हे तेव्हाही जाणकार बोलत होते. २०११च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टर झरीर उदवाडियांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जगासमोर मांडले, आणि २०१२च्या जानेवारीत एकदम गदारोळ झाला. आमच्या लॅबमध्ये मात्र आम्ही दोघं-तिघं एकमेकांकडे पाहून गप्प बसलो. कल्चरचं उत्तर 'रेझिस्टंट' म्हणून यायचं तेव्हा आमचा माणूस कुठल्या फडात आहे हे कुणालाच माहीत नसायचं, आणि हे आम्हाला माहीत होतं.

मग सीबीनॅट हे टीबी तपासायचं यंत्र आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०१०मध्ये त्याला मान्यता दिली होती, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ते पोचायला अर्थातच आणखी वेळ गेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं सांगतो, जरा हिरमुसलो. चार दारांचा एक करडा डबा. बेडक्यात औषध घालून पंधरा मिनिटं ठेवायचं, की तो पाण्यासारखा पातळ होतो. तो कार्ट्रिजमध्ये सोडायचा, दार लावायचं, बस. आत जंतूचा डीएनए सोडवून त्याच्या लाखो नकला काढल्या जातात. पाच-दहा हजारांची गरज नाही, मिलिलिटरमागे सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी ते ओळखतं. दोन तासांच्या आत उत्तर. आणि नुसता टीबी आहे की नाही एवढंच नव्हे, तर रिफाम्पिसिन ह्या मुख्य औषधाला तो दाद देईल का, हेही. जे कळायला तीन महिने जायचे, ते चहा-जेवणाच्या मधल्या वेळात. माझी शंभर फिल्डं, काड्यांची बरणी, वाफेचा अंदाज, सगळं त्या डब्यानं एका दुपारी जुनं करून टाकलं. थोडं वाईट वाटलं. मग त्या बाईचे सहा महिने आठवले आणि वाईट वाटायचं बंद झालं.

पण डबा जिल्ह्याला, आणि बेडका तालुक्याला. यंत्राला तीस अंशांच्या वर गेलेलं चालत नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीत चाळीस. म्हणजे एसी हवा, इन्व्हर्टर हवा, म्हणून ते जिल्ह्यालाच. बेडका तीन आवरणांत बांधायचा, बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात ठेवायचा आणि पाठवायचा. कुणाबरोबर? सुरुवातीला ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. चार नमुने जमले की जाणारा माणूस बघायचा. शुक्रवारी घेतलेला नमुना मंगळवारी निघायचा. तिथं पोचल्यावर एक दार बिघडलेलं, किंवा कार्ट्रिज संपलेली. उत्तर निघालं तरी कागद परत त्याच वाटेनं. एका दिवाळीच्या आधी मी वहीत तारखा लिहून ठेवायला लागलो: डबी दिली कधी, उत्तर पेशंटच्या कानावर गेलं कधी. आठवड्याच्या आत एकही नव्हतं. यंत्राचे दोन तास आणि आमचे उरलेले दिवस.

दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानियातल्या प्राथमिक दवाखान्यांत हेच यंत्र थेट नर्सच्या हाती देऊन पाहिलं होतं. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नर्सना यंत्र चालवता आलं आणि जास्त लोकांना त्याच दिवशी औषध सुरू झालं. पण काही महिन्यांनी पेशंटांची तब्येत मोजली, तेव्हा भिंगवाल्या आणि यंत्रवाल्या गटांत फरक दिसला नाही. एक कारण असं, की भिंगात न दिसलेल्यांनाही तिथले डॉक्टर लक्षणं बघून औषध देतच होते. यंत्र वाईट आहे असा ह्याचा अर्थ कुणी काढू नये, मीही काढत नाही. पण तो वाचून माझ्या वहीतल्या तारखांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. त्या तारखा आरोग्य विभागाच्या कुठल्याही तक्त्यात नव्हत्या. लॅबचं काम दार लावल्यावर सुरू होतं आणि उत्तर निघालं की संपतं, असंच आम्हाला शिकवलेलं.

हळूहळू वार ठरले. सोमवार आणि गुरुवार, चार नमुने असोत की एक, डबा निघणार. निकाल फोनवर यायला लागले. आणि मी एक शहाणपणा केला, जो अंगाशी आला. पेशंट फडावर गेल्यावर सापडावा म्हणून रजिस्टरात मुकादमाचा नंबर लिहायला लागलो. एकाचा निकाल आला, मी फोन लावला, मुकादमाला म्हटलं अमक्याला निरोप द्या, दवाखान्यात यायला सांगा. तो हुशार. लॅबवाला कशाला फोन करतोय हे त्यानं ओळखलं. दोन दिवसांत त्या कोयत्याला टोळीतून काढलं, उचल परत मागितली. माणूस गावी आला तो औषध मागायला नाही, मला विचारायला आला: "साहेब, तुमाला कुनी सांगितलं व्हतं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. तेव्हापासून नंबर घेतो तो घरच्याचा, पेशंटला विचारून, आणि फोनवर आजाराचं नाव काढत नाही. 'कागद राहिलाय' म्हणतो. औषधांच्या बाबतीत सोय झाली आहे. निक्षय ह्या सरकारच्या टीबी-नोंदणीच्या पोर्टलवर नाव असलं, की तो जिथं असेल तिथल्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळवून देता येतात. पेशंटला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे २०१८मध्ये महिन्याला ५०० सुरू झाले, २०२४च्या अखेरीस १००० झाले. खात्यात कधी पडतात हा वेगळा विषय, तो इथं नको.

ट्रूनॅट, टीबी तपासायचं दुसरं यंत्र, ही आमच्याकडे आलेली सगळ्यात अलीकडची गोष्ट, आणि माझी सर्वांत लाडकी. गोव्यात वेर्ण्याला बनतं. आपल्या शेजारचं म्हणून थोडा अभिमान वाटतो, आणि अभिमान बाजूला ठेवला तरी ते आमच्यासारख्यांचा विचार करून बनवलेलं दिसतं. बॅटरीवर चालतं. एसी नसला तर रुसत नाही. छोटीशी चिप. तासाभरात टीबीचं उत्तर, पॉझिटिव्ह आला तर दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिनचं. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली, आणि नेमकं त्याच वर्षी देशभरातली ही यंत्रं कोविडला जुंपली गेली. देशात नोंदलेले टीबीचे रुग्ण २०१९मध्ये २४ लाखांवर होते, २०२०मध्ये १८ लाख झाले. सहा लाख लोकांचा टीबी गेला नव्हता, त्यांचं दवाखान्यात येणं गेलं होतं. आमच्याकडचे पुढची दोन वर्षं एकेक करून आले, कितीतरी थ्री प्लस होऊन.

आता यंत्र आमच्या टेबलावर आहे. जिल्ह्यापर्यंतचे ते बेचाळीस किलोमीटर वाचले. लहान पोरांना बेडका काढता येत नाही, ती गिळतात. पूर्वी त्यांच्या नाकातून नळी घालून उपाशीपोटी जठरातलं पाणी काढायचे, आई बाहेर रडायची आणि पोर आत. आता मुलाच्या शीचा नमुना सीबीनॅटवर तपासता येतो. त्याच्यासाठी मात्र अजून सोमवार-गुरुवारचा डबा. गेल्या दसऱ्यानंतर एक जोडपं सकाळी आलं, दुपारी टेम्पो सुटणार होता. नवरा घामाघूम, बायको सारखी रस्त्याकडे बघत होती. बाराला चिप लावली. दोनच्या आत दोन्ही उत्तरं हातात होती, साधा टीबी, औषधाला दाद देणारा. डॉक्टरांनी तपासलं, महिन्याच्या गोळ्या पिशवीत घातल्या, पहिला डोस नवऱ्यानं पाण्याच्या टाकीजवळ उभ्यानं घेतला. टेम्पोचा हॉर्न तोवर चार वेळा वाजला होता. ती पिशवी फडावर पोचली, गोळ्या वेळेवर संपल्या, एवढं मला माहीत आहे, कारण पुढची पिशवी न्यायला त्याचा भाऊ बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी आला.

काड्यांची बरणी अजून आहे. चिपा संपल्या, की भिंगच कामाला येतं. शिवाय औषध चालू असताना जंतू मेलेत का, हे बघायला बेडक्याची काच अजूनही पाहतो. मेलेल्या जंतूचाही डीएनए यंत्राला सापडतो, त्यामुळे तिथं ते घोटाळा करतं.

परवा एक म्हातारी आली. मुलगा-सून फडावर, घरात ती आणि दोन नातवंडं. पंधरा दिवसांपासून खोकला. डबी घेऊन तट्ट्यामागं नेलं. सिस्टर रजेवर होती, म्हणून मीच. चूळ भरून दाखवली, श्वास धरून दाखवला, दोनदा चांगलं दणकून खोकून दाखवलं. आजीनं डबी माझ्याकडेच परत केली.

"आदी तुजा तपास," ती म्हणाली. "माज्यापरीस तूच लई खोकतूस."

शिपाईमामा पोट धरून हसले. पण मी डबी घेतली. चोवीस वर्षं ह्या हवेत काढली आहेत, आणि पंधरा दिवस झाले, रात्री मलाही ढास लागते. बायको रोज म्हणते, मी रोज धूळ म्हणतो. आजीच्या शेजारी उभा राहून चूळ भरली, श्वास धरला. ह्या वेळी दाखवण्यासाठी नाही. आला तो मात्र नुसता फेस. लाळ.

"हे न्हाई चालत," आजी डबीत डोकावून म्हणाली. "परत कर."